गुळाचा भाव आणि दहा न्याहाळक

कोल्हापूरच्या श्री शाहू मार्केट यार्डात दिवाळी पाडव्याला गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो. पहिल्या रव्यांना चढा भाव मिळतो आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत तोच आकडा झळकतो. गुळाचे अर्थशास्त्र मात्र त्या आकड्यात नसते. ते पुढच्या काही महिन्यांच्या रोजच्या भावांत असते. ज्याचा ऊस शेतात उभा आहे त्याच्यापुढचा प्रश्न साधा आहे: तो कारखान्याला घालावा की गुऱ्हाळाला? कारखान्याची एफआरपी हंगामाआधी जाहीर होते, गुळाचा भाव रोज सौद्यात ठरतो. एक पारडे ठाऊक, दुसरे अंदाजाचे. या अंदाजाला आधार हवा असेल तर मागच्या दहा हंगामांचे रोजचे भाव समोर हवेत. ते काही गुपित नाही. केंद्राच्या २००० साली सुरू झालेल्या अ‍ॅगमार्कनेटने आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाने बाजार समित्यांचे भाव महाजालावर मांडलेले आहेत: आवक किती क्विंटल, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर.

मांडले आहेत खरे, पण ते चमच्याचमच्याने वाढण्यासाठी. शेतमाल निवडा, बाजार निवडा, तारीख निवडा, कळ दाबा, थांबा. समजा, एका पानावर एका दिवसाचा भाव मिळतो आणि पान यायला वीस सेकंद लागतात. दहा वर्षांची ३,६५० पाने झाली, म्हणजे वीस तासांहून अधिक काळ नुसते कळ दाबणे. माणूस हे करत नाही, आणि करू लागला तरी पन्नासाव्या पानानंतर चुकतो. म्हणून हे काम यंत्राला दिले जाते. २००४ साली जेसन हगिन्स यांनी सेलेनियम लिहिले ते संकेतस्थळांच्या चाचणीसाठी. ब्राउझरला (आपल्या संकेतस्थळीय मराठीतल्या न्याहाळकाला) माणसाच्या बोटांवाचून चालवता येते हे कळल्यावर लोकांनी त्याला माहिती गोळा करायला जुंपले. २०१७ मध्ये पपेटिअर आणि २०२० मध्ये प्लेराइट आले, पडद्यावर खिडकी न उघडता काम करणारे न्याहाळक आले, आणि एकाऐवजी दहा न्याहाळक एकाच वेळी कामाला लावणे हा नवशिक्याच्याही आवाक्यातला उद्योग झाला. वीस तासांचे दोन तास.

निदान हिशेबात तरी. कोल्हापूरकरांना यातली मेख समजावून सांगायला नको. तोडणीच्या टोळ्या दुप्पट केल्या म्हणून कारखान्याची गाळप क्षमता वाढत नाही. वजनकाट्यापुढची रांग वाढते, तोडलेला ऊस वाळतो आणि उतारा घटतो. पलीकडचा सर्व्हर एका वेळी जेवढी पाने देऊ शकतो तेवढीच देतो. दहाचे वीस न्याहाळक केले की प्रत्येकाला उत्तर उशिरा मिळते, काहींना मिळतच नाही, शिवाय आपल्याच संगणकात एकेक न्याहाळक काहीशे मेगाबाइट स्मृती अडवून बसलेला असतो. किती न्याहाळक चालवावेत याचे उत्तर आपल्या यंत्राच्या ताकदीत नसून समोरच्याच्या सोसण्यात आहे. आणि समोर केवळ यंत्र नाही. त्याच वेळी एखादा शेतकरी मोबाइलवर आजचा भाव पाहत असतो. आपली टोळी रांगेत घुसली की थांबावे त्याला लागते.

वेगाच्या गप्पांत एक गोष्ट सहसा सुटते, ती बिनचूकपणाची. अनेक सरकारी संकेतस्थळे वाचकाने मागच्या पानावर काय निवडले ते आपल्या बाजूला लक्षात ठेवतात. एकाच न्याहाळकाच्या दोन खिडक्यांतून एकाने गूळ मागितला आणि दुसऱ्याने हळद, तर सर्व्हरच्या लेखी मागणारा एकच असतो. उत्तरे अदलाबदल होऊ शकतात, हळदीचा दर गुळाच्या रकान्यात जाऊन बसतो आणि कोणतीही तक्रार उमटत नाही. प्रत्येक न्याहाळकाला स्वतःची वेगळी ओळख, वेगळ्या कुकीज द्याव्या लागतात त्या यासाठी. दुसरा धोका रिकाम्या चौकटीचा. ‘त्या दिवशी आवक नव्हती’ आणि ‘त्या दिवशीचे पान आलेच नाही’ या दोन्हींची नोंद जर शून्य अशीच झाली, तर सगळा तक्ता फसवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. अशा आठवड्यातली रिकामी चौकट ही स्वतःच एक बातमी असू शकते. पण सर्व्हरने दमून नकार दिला म्हणून रिकामी राहिलेली चौकट तिच्यासारखीच दिसते. दहा न्याहाळकांच्या गर्दीत असे नकार वाढतात, आणि तक्ता मात्र आधीइतकाच नीटनेटका दिसतो. अशा तक्त्यावर काढलेल्या आलेखांकडे मी संशयानेच पाहतो.

आता मूळ प्रश्न: जे सर्वांसाठी उघडे आहे ते मिळवायला यंत्रांची टोळी लागावीच का? माहिती अधिकार कायदा (२००५) म्हणतो की अभिलेख सूचीबद्ध करून संगणकीकृत करावेत. त्याच्या दुसऱ्या कलमातल्या हक्काच्या व्याख्येत संगणकात साठवलेली माहिती डिस्केट, फ्लॉपी किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक रूपात मिळवण्याचाही समावेश आहे. फ्लॉपी गेली, हक्क शिल्लक आहे. सातव्या कलमानुसार माहिती सामान्यतः मागितलेल्याच स्वरूपात द्यायची असते. यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपाचा आग्रह केंद्राच्या २०१२ च्या धोरणातही आहे. दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे (२०००) ४३ वे कलम संगणकाच्या मालकाच्या परवानगीवाचून माहिती उतरवून घेणाऱ्याला नुकसानभरपाईस पात्र ठरवते. एका कायद्याने नागरिक, दुसऱ्याने घुसखोर. गुळाच्या भावांची हंगामवार फाईल एका दुव्यावर ठेवली तर हा पेच उरत नाही आणि सर्व्हरवरचा भारही जातो. ३,६५० पानांऐवजी एक फाईल. ज्या कार्यालयाला न्याहाळकांच्या टोळ्यांचा त्रास होतो त्याने चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारे कोडे घालण्याआधी ही फाईल ठेवून पाहावी. कोडे यंत्राला आज फारसे अडवत नाही. अडतो तो चाळिशी लागलेला शेतकरी.

पण हाच युक्तिवाद सातबाऱ्याला लावायला माझा विरोध आहे. महाभूलेखवर कोणाचाही सातबारा पाहता येतो. स्वाक्षांकित प्रत हवी असेल तर पंधरा रुपये भरून मिळते. एक उतारा पाहणारा माणूस जमीन घेणारा असतो, भाऊबंदकीत अडकलेला असतो, कर्ज देणारा असतो. करवीर तालुक्यातले सगळे उतारे एका रात्रीत वीस न्याहाळकांनी ओढून घेणाऱ्याच्या हाती मात्र काही वेगळेच येते: कोणाच्या नावावर किती जमीन, कोणावर कोणाचा बोजा, वारसांत कोण उरले. पान तेच, पण एकेक उघडे असणे आणि सगळे एकत्र उघडे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजवर त्यांच्यामध्ये माणसाच्या बोटांचा संथपणा उभा होता. समांतर चालणाऱ्या न्याहाळकांनी तोच काढून घेतला. मतदार याद्यांबाबत हा भेद पूर्वीच पुढे आला होता. याद्या सर्वांना पाहता येतात, पण त्या शोधता येतील अशा मजकुराच्या रूपात द्याव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली नाही. त्या निर्णयावर पारदर्शकतेच्या बाजूने टीका करता येईल, तरी त्यामागची भीती खोटी म्हणता येत नाही.

‘उघडे आहे म्हणजे घ्यायला हरकत नाही’ हे तंत्रज्ञांचे आवडते वाक्य आणि ‘आमच्या संकेतस्थळाला हात लावू नका’ हा कार्यालयीन पवित्रा, दोन्ही मला सारखेच आळशी वाटतात, कारण माहिती कशाविषयी आहे हे दोघेही विचारत नाहीत. गुळाला अब्रू नसते. त्याचा भाव हजार जणांनी एकदम वाचला तर सौद्यात कोणाचे नुकसान झालेच तर ते भाव दडवणाऱ्याचे होईल.

ती फाईल मिळेपर्यंत न्याहाळक चालवावे लागणारच. मग दोन-तीन पुरेत, दहा नकोत. रात्री चालवावेत, दोन मागण्यांत काही सेकंद सोडावेत, एकदा मिळालेले पान पुन्हा मागू नये. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही संकेतस्थळाने दाराशी लावलेली पाटी १९९४ पासून चालत आली आहे, २०२२ मध्ये तिला रीतसर मानकाचे रूप मिळाले. तिला दंडशक्ती नाही, तरी ती वाचावी. आणि नकार आला की पत्ता बदलून, वेष पालटून पुन्हा दार ठोठावू नये. पणन मंडळाला पत्र लिहावे. पत्राचे उत्तर दसऱ्यापूर्वी आले तर ऊस कोठे घालायचा हे ठरवणाऱ्याला उपयोग. पाडव्यानंतर आले तर ते अभ्यासकांच्या कामाचे.