‘होचू’ची साक्ष

सीमाभागातील सभांमधून एक दाखला वरचेवर दिला जातो : युगोस्लाव्हिया भाषाभेदामुळे फुटला, सबब भाषा निराळी, तर राज्यही निराळे. दाखला आपल्याच पक्षाकडून येतो, म्हणूनच तो तपासणे अगत्याचे आहे. साक्षीदाराला न्यायालयात उभे करण्यापूर्वी त्याची उलटतपासणी स्वतःच घेऊन पाहावी, हा वकिलीतला पहिला धडा.

साक्षीला सर्बो-क्रोएशियन भाषेतले एकच क्रियापद घेऊ. सर्बियात ‘ह्तेती’, क्रोएशियात ‘ह्त्येती’, अर्थ ‘इच्छिणे’. वर्तमानकाळी ते असे चालते : होचू, होचेश, होचे, अनेकवचनी होचेमो, होचेते, होचे. (‘च’ सर्वत्र ‘चंद्र’मधला.) चू, चेश, चे, चेमो, चेते, चे ही त्याचीच आखूड रूपे दुसऱ्या क्रियापदाला लावली की भविष्यकाळ सिद्ध होतो. नकारार्थी ‘नेचू’ म्हणजे ‘मला नको’ आणि ‘मी करणार नाही’ही.

आता भेद पाहा. ‘रादिती’ म्हणजे काम करणे. ‘मी काम करीन’ हे सर्बियात ‘रादिचू’ असे जोडून लिहितात, क्रोएशियात ‘रादित चू’ असे तोडून. उच्चार दोन्हीकडे एकच. ‘काम करू इच्छितो’ यासाठी सर्ब माणूस सहसा ‘होचू दा रादिम’ म्हणेल, क्रोएट ‘होचू रादिती’. भेद आहेत, परंतु त्यांनी एकाचे बोलणे दुसऱ्याला कळण्यावाचून राहत नाही. आज चार राज्यांत या भाषेची चार नावे आहेत. ‘होचू’ मात्र चारही ठिकाणी ‘होचू’च आहे.

शिवाय हे भेद फाळणीनंतर उपजलेले नव्हेत. १९५४ च्या नोव्ही साद करारान्वये भाषा एक आणि दोन्ही लिप्या समान मानल्या गेल्या. जोडलेला व तोडलेला भविष्यकाळ एकाच राज्यात नांदत होता. मग १९६७ साली क्रोएशियन संस्थांनी आपल्या भाषेचे नाव व दर्जा यांविषयी जाहीरनामा का काढला? ‘रादिचू’ कळत नव्हते म्हणून खचितच नव्हे. राज्यकारभारात सर्बियन रूप लादले जाते आणि आपले डावलले जाते, ही त्यांची तक्रार होती.

म्हणजे साक्षीदार आपल्या सभांतील वक्त्यांच्या विरुद्ध जातो. पण आपल्या दाव्याच्या विरुद्ध नव्हे. कन्नडहून मराठी किती निराळी, तिच्यात कन्नड शब्द किती मिसळले, हे मोजून दाखवण्याचा भार आपल्यावर नाहीच. भाषिक हक्क भाषांमधील अंतरातून उपजत नाही. तो बोलणाऱ्याच्या गरजेतून उपजतो. माझ्याकडे येणारे वृद्ध पक्षकार स्वतःच्याच जमिनीची नोटीस पुढे करून विचारतात, “वकीलसाहेब, यात काय लिहिलंय?” दाखला द्यायचाच, तर या नोटिशीशेजारी १९६७ चा ठेवावा. युगोस्लाव्हियाच्या फुटीचा दाखला मात्र आपण होऊन मागे घ्यावा. प्रतिपक्षाने तो खोडून काढण्याची वाट पाहू नये.