पीसीओएस असले तरी मूल होते

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, हे स्त्रीबीज वेळच्या वेळी न सुटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. मूल होण्याच्या वयातील दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीला हा विकार असतो. पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात. तरी अनेकींना निदान कळते ते लग्नानंतर दिवस राहत नाहीत म्हणून दवाखाना गाठल्यावरच. शिकागोतील स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात रुग्णांवरून या विकाराचे वर्णन केले.

दर पाळीत अंडाशयात अनेक फॉलिकल, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पिशव्या, वाढू लागतात. त्यांपैकी एक पुढे जाते, साधारण २० मिलिमीटरची होऊन फुटते आणि बीज सुटते. पीसीओएसमध्ये बहुतेकींचे शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही. रक्तात वाढलेले इन्शुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरके, तयार करायला लावते आणि फॉलिकलची वाढ मध्येच थांबते. सोनोग्राफीत अंडाशयाच्या कडेने ओळीने दिसणारे काळे ठिपके म्हणजे ही थांबलेली फॉलिकल. रिपोर्ट पाहून ‘गाठी झाल्या’ म्हणून घाबरू नये. त्या कापून काढायच्या नसतात. बीजे भरपूर असतात, फक्त ती सुटत नाहीत.

नुसत्या सोनोग्राफीवरून निदान करू नये. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीतील ठरावीक चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचे दोषही आधी वगळावे लागतात. पतीची वीर्यतपासणी तर सुरुवातीलाच व्हायला हवी. आपल्याकडे पत्नीचे निदान हाती आले की तपासणी तिथेच थांबते आणि सारा दोष तिच्या पदरात टाकला जातो. हे अन्यायाचे आहेच, शिवाय त्यात उपचारांचा मोलाचा वेळ जातो.

वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्क्यांनी उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. मात्र सडपातळ स्त्रियांनाही पीसीओएस होतो. ‘आधी बारीक हो’ हा सल्ला सर्वांना लागू नाही. औषधांत पहिली निवड लेट्रोझोलची. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस गोळी घ्यायची आणि नंतर सोनोग्राफीने फॉलिकलची वाढ मोजायची. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले; जुन्या क्लोमिफीनने हे प्रमाण १९.१ टक्के होते. काहींना मेटफॉर्मिनही दिले जाते. गोळ्यांनी बीज सुटले नाही तर हार्मोनची इंजेक्शने किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत. इतर दोष नसतील तर आयव्हीएफची वेळ सहसा यानंतरच यावी. या स्त्रियांची अंडाशये इंजेक्शनांना जास्त प्रतिसाद देऊन सुजण्याचा धोका असतो, म्हणून मात्रा जपून ठरवावी लागते.

दिवस राहिल्यावरही लक्ष हवे, कारण गरोदरपणातील मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका वाढलेला असतो. मूल झाले म्हणून पीसीओएस जात नाही. पाळी महिनोन्‌महिने न येणे गर्भाशयाच्या अस्तराला घातक ठरू शकते. साखर आणि रक्तदाब पुढेही नियमित तपासावे लागतात. नैराश्य आणि चिंता या स्त्रियांमध्ये अधिक आढळतात, तेव्हा मनाची विचारपूस हाही उपचारांचाच भाग धरला पाहिजे.