पहारेकरी कोणाचा चाकर?

जिंतूरच्या बसस्थानकावर उभे राहून विमानाच्या सुरक्षेची चर्चा करणे काहींना हास्यास्पद वाटेल. परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. आमच्या माणसाला मुंबई-पुणे गाठायचे तर एस.टी. आहे, नाहीतर परभणीहून रेल्वे आहे. विमान हा मोठ्या लोकांचा विषय, आपल्याला त्याचे काय, असे म्हणणारे आमच्यातही पुष्कळ आहेत. परंतु विमान केवळ आत बसलेल्यांच्याच जिवाशी खेळते असे नाही, हे मराठवाड्याने ३० वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

२६ एप्रिल १९९३. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान मुंबईसाठी निघाले. विमानात ११८ माणसे होती. धावपट्टी संपली तिथेच पुढे रस्ता होता आणि त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. उशिरा उचललेल्या विमानाचे चाक आणि इंजिन त्या ट्रकला धडकले. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर ते विजेच्या उच्च दाबाच्या तारांत अडकले आणि जमिनीवर कोसळले. ५५ माणसे मेली.

चौकशी झाली. कारणे दोन नोंदली गेली. पहिले, वैमानिकाने विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले. दुसरे, उड्डाणाच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्याचे काम राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केले नाही. वैमानिकाची चूक सर्वांच्या लक्षात राहिली. पण दुसऱ्या कारणाचे काय? धावपट्टीच्या तोंडाशी रहदारीचा रस्ता आहे, हे त्या दिवशी अचानक कळले होते काय? रस्ता होता, ट्रक रोज जात होते, विमानेही रोज उडत होती. पाहायचे ज्यांचे काम होते ते पाहत नव्हते. का पाहत नव्हते? कारण त्या वेळी विमान कंपनी सरकारची, विमानतळाचे प्राधिकरण सरकारचे आणि या दोघांवर देखरेख ठेवणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, तेही त्याच मंत्रालयाच्या हाताखालचे! एकाच घरातील थोरल्याने धाकट्याची झडती घ्यायची, अशी ही व्यवस्था होती.

आता ती बदलली आहे असे सांगितले जाते. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. मोठी विमानतळे खाजगी हातात गेली. १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. परंतु पहारेकरी कोणाच्या हाताखाली आहे? २०२० च्या दुरुस्तीने डीजीसीएला कायद्याचा आधार मिळाला खरा. पण देखरेख केंद्र सरकारची, निर्देश केंद्र सरकारचे आणि दिलेल्या आदेशाचा फेरविचार करण्याचा अधिकारही केंद्र सरकारचाच राहिला. अपघाताची चौकशी करणारा विभाग २०१२ मध्ये वेगळा झाला, तोही याच मंत्रालयाखाली. २०१३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत आले होते. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयकही तिच्याबरोबर संपले. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने भारताची देखरेख अपुरी ठरवून आपल्याला दुसऱ्या श्रेणीत ढकलले. तेव्हा मात्र धावपळ झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये पहिली श्रेणी परत मिळाली. अमेरिकेने कान पिळला की आम्ही जागे होतो. आपली माणसे मेली म्हणून जागे होत नाही, हे दुःख आहे.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच पडले. विमानातील २४२ पैकी २४१ गेले. आणि जमिनीवरचे १९! वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात जेवायला बसलेल्या विद्यार्थ्यांनी विमानाचे तिकीट काढले नव्हते. महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला. इंधनाचे दोन्ही खटके बंद झाल्याची नोंद त्यात होती. ते का बंद झाले, हे त्यात नव्हते. तरी बोटे लगेच मृत वैमानिकाकडे वळली. मुंबईच्या त्या वैमानिकाच्या वृद्ध पित्याला मुलाच्या नावासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून दोष त्याच्या माथी मारणे सोपे असते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदीय समितीने सांगितले की डीजीसीएच्या १,०६३ मंजूर पदांपैकी केवळ ५५३ भरलेली आहेत. विमाने वाढली, मार्ग वाढले; तपासणाऱ्यांची निम्मी खुर्ची रिकामी! हवाई चप्पल घालणाऱ्याला विमानात बसवू, असे म्हणत २०१७ मध्ये नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले. आमच्या माणसाने जरूर बसावे. पण ज्या विमानात तो बसणार, ते तपासणारा माणूस जागेवर आहे काय, हे कोण विचारणार?

आणि पहारेकरी जागा असला तरी काय होते, ते डिसेंबर २०२५ ने दाखवले. थकलेला वैमानिक विमान चालवू नये म्हणून नवे नियम झाले होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली, रात्रीचे उतरणे मर्यादित केले. नियम काही एका रात्रीत आले नव्हते. तरीही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने पुरेसे वैमानिक ठेवले नाहीत. हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर लोळले. मग ५ डिसेंबरला डीजीसीएने रजा ही विश्रांती म्हणून धरू नये हा आदेश मागे घेतला आणि त्या कंपनीला रात्रपाळीच्या नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट दिली. पुढे तिच्या उड्डाणांत १० टक्के कपातही केली, हे खरे. पण आधी वाकला तो नियमच.

१९४६ मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाना कायद्यातील दुरुस्ती मांडली आणि कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. कामगाराची विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून कायद्याचा हक्क आहे, हा त्यामागचा विचार होता. वैमानिकाचा पगार मोठा असेल; परंतु झोपेच्या बाबतीत तो गिरणीतल्या कामगारासारखाच माणूस आहे. त्याच्या थकव्याची किंमत मागे बसलेले दोनशे आणि खाली उभे असलेले कितीतरी लोक मोजतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. डीजीसीएला मंत्रालयाच्या दावणीतून सोडवा आणि संसदेला उत्तरदायी असे स्वतंत्र प्राधिकरण करा. अपघाताची चौकशी त्याहूनही वेगळ्या हातात द्या. रिकामी पदे भरा आणि भरताना राखीव जागांचा अनुशेष विसरू नका. जो मंत्री विमान वाहतूक वाढवल्याचे श्रेय घेतो, त्याच्याच हाताखाली ती वाहतूक थांबवू शकणारा अधिकारी असता कामा नये. चिकलठाण्याच्या त्या रस्त्यावरून कापसाचा ट्रक नेणाऱ्याचा जीव आणि विमानातल्या प्रवाशाचा जीव संविधानाच्या २१ व्या कलमात एकाच मोलाचा आहे. तो राखणारा पहारेकरी सरकारचाही चाकर नसावा आणि कंपनीचाही नसावा. तो जनतेचा असावा.