डबा बंदच बरा!

गेल्या पावसाळ्यात आमचा मराठीचा तास चालू असताना रस्त्यावरून एक गाडी गेली. गाडी दिसली नाही, आणि गाणेही ऐकू आले नाही. नुसती तावदाने थरथरली आणि छातीत काहीतरी धप् धप् झाले. सर खडू हातात धरून थांबले. आवाज चौकापलीकडे गेल्यावर म्हणाले, "डोक्यात काही नसले की डिकीत भरावे लागते." वर्ग खळखळून हसला. मीही हसलो, पण माझे हसणे खोटे होते. त्या गाडीतले वूफर आदल्या रविवारी मीच बसवले होते.

हे कबूल करायला मला वर्ष लागले. संध्याकाळी ५ ते ९ आणि रविवारी दिवसभर मी एका कार-डेकॉरच्या दुकानात काम करतो. सीट-कव्हर, हॉर्न, टेप, वूफर. फी आणि पुस्तके त्यातून निघतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वार्षिक अंकात पक्कड आणि टेस्टर घेऊन शिरणारासुद्धा बहुधा पहिलाच असेन. वाचकहो, इथे पाऊस, मैत्री, हुंडा आणि वाचनसंस्कृती यांवरचे लेख तुम्हांला मिळतीलच. मला लहान गाडीतल्या सबवूफरबद्दल बोलायचे आहे, कारण त्या दिवशी सर जे बोलले ते मला निम्मे पटले आणि निम्मे लागले.

आधी लागलेले सांगतो. इचलकरंजीत ज्या गल्लीत आम्ही राहतो तिथे घर दोन खोल्यांचे, माणसे सहा आणि भिंतीपलीकडे माग. आमच्या घरात आतून कडी लावून एकट्याने बसता येईल अशी जागा नाही. गाणे ऐकायचे तर मोबाईलवर, कानाशी धरून. आता मोबाईलचे स्पीकर नखाएवढे. हलगीचा कडकडाट त्यातून येतो, ढोलाचा थर येत नाही. खालचा सूर उमटवायला पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि नखाएवढ्या पडद्याला ती हलत नाही. गाडीच्या दारातले स्पीकरसुद्धा तिथे अपुरेच पडतात. म्हणजे आमच्यासारख्यांनी आयुष्यभर गाण्याचा वरचा मजला पाहिला, तळमजला पाहिलाच नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत दादाने कर्ज काढून सेकंडहँड अल्टो ८०० घेतली. पहिल्या रात्री आम्ही दोघे काचा वर करून तीत नुसतेच बसलो होतो. दारे लागली आणि मागांचा आवाज एकदम दूर गेला. ती आमची पहिली खोली! तिच्यात गाणे पुरे ऐकावे असे वाटणे म्हणजे डोके रिकामे असणे, हे मला मान्य नाही.

पण दादाला हवे होते ते वेगळेच. "बारा इंचाची दोन टाक. आवाज घुमला पायजे लेका, न्हाईतर गाडी घिऊन उपेग काय?" खर्चाचा अंदाज २८ हजार. आमच्या मालकांनी ताबडतोब चहा मागवला. आणि मी, दुकानचा नोकर, मालकांच्या देखत म्हणालो, "नको दादा. आठ इंची एकच. बंद डब्यात." त्या दिवशीचा चहा मला मिळाला नाही.

आता यातली गंमत कलाशाखेच्या वाचकाला कळेल अशी सांगतो. मलाही ती पुस्तकातून कळली नाही, डबे उचलता उचलता कळली. ४० हर्ट्झचा खालचा सूर घ्या. त्याची एक लाट हवेत सुमारे साडेआठ मीटर लांब असते. अल्टो ८०० साडेतीन मीटरही भरत नाही. म्हणजे ही लाट गाडीत उलगडतच नाही! वूफरचा पडदा पुढे येतो तेव्हा गाडीतली सगळी हवा एकदम दाबली जाते, मागे गेला की सैल होते, सायकलच्या पंपासारखे. सूर जितका खाली, तितका हा परिणाम जास्त, आणि गाडी जितकी लहान, तितका तो लवकर सुरू होतो. तोच डबा आपल्या वर्गात ठेवला तर केविलवाणा वाटेल. लहान गाडीचा मालक लहान गाडीमुळे खट्टू असतो. पण या एका बाबतीत मोठ्या गाडीवाल्याने त्याचा हेवा करावा.

बंद डब्याचा आग्रह का, तेही यातच आले. वूफरचे डबे मुख्यतः दोन जातींचे. एक चारी बाजूंनी बंद, दुसरा नळी किंवा फट ठेवलेला. नळीवाला कमी वीज खाऊन मोठा घुमतो, पण तो नीट मापाने बनवावा लागतो आणि जागा पुष्कळ खातो. बेमापी बनवला तर एकाच सुरावर घुमत बसतो, मग गाणे कोणतेही लावा. बंद डब्याचा आवाज खाली जाता जाता ओसरत जातो, आणि जवळजवळ त्याच चालीने लहान गाडीतली कोंडलेली हवा त्याला उचलून धरते. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढायचे, आमच्या घरच्या हिशेबासारखे. शिवाय अल्टो ८०० च्या डिकीत जागा १७७ लिटरची. बारा इंची नळीवाला एकेक डबा ५० ते ७० लिटर अडवतो. दोन ठेवले की स्टेपनी काढण्याआधी बँडवाले उतरवायचे! दादाचा डबा सुताराकडून १८ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये करून घेतला, आतून सगळे सांधे बुजवून, सुमारे १२ लिटरचा. शेजारी बाजाराच्या दोन पिशव्या अजून मावतात.

मग वॅटचा मोह. खोक्यावर ठळक छापलेले असते १२०० वॅट. तो आकडा क्षणभराच्या उसळीचा. पाहायचा तो आर.एम.एस. हा बारीक छापलेला आकडा, कारण सतत पेलता येणारी ताकद तीच. बाराशेच्या खोक्यावर ती अडीचशेसुद्धा असते. आणि वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल चढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाच फरक जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला ताकद सुमारे दहापट लागते. गिऱ्हाइकाला हे सांगितले की तो माझ्याकडे संशयाने पाहतो आणि मालक रागाने.

वाचलेले पैसे कुठे घालावेत याविषयी मात्र माझे मत कडक आहे: वायरीत आणि फ्यूजमध्ये. घरात ३०० वॅटचे यंत्र लावले तर २३० व्होल्टवर सव्वा अँपियरच्या जरा वर प्रवाह वाहतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. त्याच ३०० वॅटला तिथे २५ अँपियर लागतात, आणि अँप्लिफायरची स्वतःची उधळण धरली तर तिसाच्या आसपास. म्हणून ती वायर करंगळीएवढी जाड. बाजारात तांब्याच्या नावावर तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम खपते. टोक खरवडले की आतून पांढरे निघते. आणि फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आतच हवा. कित्येकांना वाटते, फ्यूज अँप्लिफायरला वाचवतो. नाही, तो वायरीला वाचवतो, म्हणजे गाडीला, म्हणजे आतल्या माणसांना.

मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ 'वास येतो' म्हणून गाडी घेऊन आले. वूफर दुसरीकडे कुठेतरी बसवलेले होते. इंजिनाकडून आत येणाऱ्या भोकात रबरी बूच नव्हते. पत्र्याच्या धारेवर घासून वायरीचे कातडे निघालेले, आणि बॅटरीजवळ फ्यूजच नाही. मी मॅट उचलली तेव्हा खालचा जाजम विताएवढा जळून काळा झाला होता. मागच्या सीटवर शाळेची दोन दप्तरे होती. गृहस्थ विचारत होते, "बेस जरा कमी येतोय, तेही बघा." ५० रुपयांचा फ्यूज वाचवणाऱ्या त्या कारागिराचा मला राग आला, पण आपणही घाईच्या रविवारी काय काय केले, हे आठवून रात्री झोप लागली नाही.

बाकीचे बसवण्याचे काम चिकाटीचे, अवघड नव्हे. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळायचे. गाण्याची वायर विजेच्या वायरीच्या उलट बाजूने न्यायची, नाहीतर अॅक्सिलेटर दाबला की स्पीकरमधून कुई कुई सुरू होते. वूफरला सुमारे ८० हर्ट्झच्या खालचेच सूर द्यायचे. एकदा दोन्ही तारा उलटून पाहायच्या आणि ज्या जोडणीत आवाज भरीव वाटेल ती ठेवायची. अँप्लिफायरवरचा गेन हा आवाज वाढवायचा कान नव्हे; तो पिळला की आवाज फाटतो, वूफर जळते, आणि गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देते.

एवढे होईपर्यंत मी सरांच्या विरुद्ध होतो. आता सरांच्या बाजूने, माझ्या मित्रांच्या विरुद्ध. मित्रहो, त्या दिवशी वर्गात गाणे का ऐकू आले नाही? काच आणि पत्रा वरचे सूर अडवतात. खालचे आरपार जातात. शब्द, सनई, चाल सगळे आत राहते आणि रस्त्यावर पडते ते गाण्याचे खरकटे. 'लोकांना माझे गाणे ऐकवतो' ही आपली समजूत आहे. लोकांना आपण गाणे ऐकवतच नाही. आपल्या भागात मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. ज्यांचे हे नाव, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, आणि पुढे त्यांनी नाव कमावले ते ध्वनिफितीतली खरखर घालवण्याच्या युक्तीवर. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव आपण गोंगाटाला दिले!

कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. पण आमच्या गल्लीची रात्र सकाळी ८ ला सुरू होते. रातपाळी करून आलेली माणसे तेव्हा चादर डोक्यावर घेतात. दुपारी १२ ला वूफर लावून गल्लीत शिरणारा नियमाने कदाचित सुटेल, पण तो मध्यरात्रीच शिरलेला असतो.

आबा ३० वर्षे मागावर आहेत. सततच्या खडखडाटाने कान जातो तो आधी वरच्या सुरांचा, ४००० हर्ट्झच्या आसपासचा; त, स, श ही व्यंजने पुसट होतात. म्हणून आबांना आमचे बोलणे ऐकू येते, कळत नाही. ते चिडतात, आई मोठ्याने बोलते, मग ते 'ओरडू नगंस' म्हणून चिडतात. गावाकडच्या भजनात एके काळी ते पखवाज वाजवत. दादाच्या गाडीत पहिल्यांदा भजन लावले तेव्हा ते मागच्या सीटवर बसले होते, डब्याला पाठ लावून. थोड्या वेळाने त्यांची बोटे मांडीवर चालू लागली. म्हणाले, "आरं, डाव्या पुडीला कणिक बरूबर लागलीया ह्याच्या." आठ इंच, ९ हजार रुपये, काचा वर केलेल्या, आणि बाहेर उभ्या असलेल्या शेजाऱ्याला जेमतेम चाहूल.

आता ती तासाच्या वेळची गाडी. तिचा मालक आपल्याच कॉलेजातला. 'बाहेर ऐकू गेला पाहिजे' अशी त्याची अट होती, आणि मी बारा इंची नळीवाला डबा मुकाट्याने बसवून दिला. मालकांनी मला वर ३०० रुपये दिले. त्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. दादाला जे सांगितले ते त्याला का सांगितले नाही, याचे एवढेच उत्तर माझ्याजवळ आहे.

गेल्या महिन्यात तो पुन्हा आला. नंबरप्लेट खडखडते म्हणत होता. मी प्लेटच्या मागे रबरी पट्टी लावली, आणि न विचारता डॅशबोर्डखाली बेसचा एक गोल कान बसवून दिला, हाताशी येईल असा. दादाच्या गाडीतही तसा आहे. गल्लीच्या तोंडाशी आला की तो डाव्या हाताने शून्यावर आणतो. "ह्याचे किती?" त्याने विचारले. मी म्हणालो, राहू दे. तो कान तो फिरवतो की नाही, ते मराठीच्या तासाला कळेल. मंगळवारी आणि शुक्रवारी, ११ वाजता.