पवनचक्कीचे वार्धक्य

भोपाळहून इंदूरकडे जाताना देवासच्या टेकड्यांवरील पवनचक्क्या पाहून आमच्या कितीएक वाचकांनी मुलांना सांगितले असेल, "पाहा, वीज तयार होते, पण धूर नाही की राख नाही!" ते खरेच आहे. परंतु यंत्रालाही वार्धक्य असते. पवनचक्कीचे आयुष्य साधारणतः २० ते २५ वर्षांचे. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या आता त्या वयास पोहोचल्या आहेत. जुन्यांच्या जागी नव्या उभारण्याचे धोरण केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केले आहे. मग उतरविलेल्या जुन्यांचे काय?

खांबाचे पोलाद पुन्हा वितळविता येते, तांब्याला मोडीत भाव मिळतो. अडते ते पात्यांपाशी. पाते घडते काचेचे तंतू आणि कृत्रिम राळ यांच्या मिलाफातून. ही राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचे पीठ होत नाही, तसेच हे. अमेरिकेत वायोमिंगमधील कॅस्पर येथे अशी पाती कापून सरळ जमिनीत पुरली गेली.

याहून शहाणपणाचे मार्ग आहेत. पात्यांचा चुरा सिमेंटच्या भट्टीत घातला, तर राळ जळून उष्णता देते आणि काचेतील सिलिका सिमेंटमध्येच सामावते. जर्मनीत ही रीत रुळली आहे. बारीक चुरा काँक्रीटमध्ये थोड्या वाळूऐवजी घालता येतो किंवा दाबून त्याचे तक्ते करता येतात. मात्र काचेचा सिमेंटमधील क्षारांशी संयोग होऊन काँक्रीटला तडे जाऊ शकतात. म्हणून प्रमाण पारखूनच ठरवावे लागते.

अशी पारख आमच्या शहरास नवी नाही. १९८१ साली येथे प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. २००७ पासून ती 'ॲम्प्री' या नावाने ओळखली जाते. ॲल्युमिनियमच्या कारखान्यांतून निघणारा लाल गाळ, तागाचे तंतू आणि राळ यांपासून लाकडाऐवजी वापरता येतील अशी दारे येथील शास्त्रज्ञांनी घडविली. तंतू आणि राळ यांचाच हा संसार. पात्यांच्या चुऱ्यालाही त्यात जागा मिळावी, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

भोपाळकरांना उरलेल्या कचऱ्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. १९८४ च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला जाण्यास २०२५ साल उजाडावे लागले. तेथे तो जाळला, तरी राख उरलीच. पात्यांचा कचरा तसा विषारी नाही, हे आम्ही जाणतो; पण 'पुढचे पुढे पाहू' ही वृत्ती मात्र तीच.

आमच्या आज्या नवे भांडे घेताना जुन्याची मोड आधी ठरवीत. नवी पवनचक्की उभारणाऱ्यानेही जुन्या पात्यांची सोय आधी दाखवावी, आणि तो खर्च विजेच्या हिशेबात धरावा. वारा फुकट असला, तरी पाते फुकट नसते.