तत्त्वज्ञ परराष्ट्रमंत्री

तत्त्वज्ञानाच्या अध्यापकानें राजकारणांत पडावें कीं नाहीं, हा वाद फार जुना आहे. तो मिटविण्याचा आमचा हेतु नाहीं; परंतु ज्यांचें चरित्र या वादांतील दोन्ही पक्षांस पुरावा म्हणून पुढें करतां येईल, अशा एका गृहस्थांची ओळख वाचकांस करून द्यावी असें आमच्या मनांत आहे. लेबनॉनचे एके काळचे परराष्ट्रमंत्री डॉ. चार्ल्स मलिक हे ते गृहस्थ होत.

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील लेबनॉन हा डोंगराळ व चिमुकला देश. त्याच्या उत्तर भागांत कूरा नांवाचा ऑलिव्हच्या बागांचा प्रदेश असून तेथील बितर्राम या खेड्यांत १९०६ सालीं मलिक यांचा जन्म झाला. घराणें ग्रीक ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाचें, वडील डॉक्टर. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठांत त्यांनीं गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला. पुढें हार्वर्ड येथें व्हाइटहेड यांच्यापाशीं आणि मध्यंतरीं जर्मनींत हायडेगर यांच्यापाशीं ते तत्त्वज्ञान शिकले. १९३७ मध्यें पीएच.डी. होऊन परतल्यावर ते बैरूतलाच शिकवूं लागले. १९४५ सालीं नव्यानें स्वतंत्र झालेल्या लेबनॉनचे वकील म्हणून त्यांना वॉशिंग्टनला पाठविण्यांत आलें आणि हातांतला खडू सुटला.

संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करण्यासाठीं जें कमिशन नेमलें, त्याच्या अध्यक्षा श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट, उपाध्यक्ष चीनचे डॉ. चँग आणि अहवाल लिहिण्याचें काम मलिक यांजकडे, अशी वाटणी होती. मलिक यांनीं आरंभींच आपलीं तत्त्वें सांगून टाकलीं. समूहापेक्षां माणूस मोठा. बुद्धि व सदसद्विवेक हें त्याचें सर्वांत पवित्र धन. राज्य, धर्म किंवा वंश यांपैकीं कोणाकडूनहि त्याच्यावर येणारें दडपण निंद्य. आणि जसा माणूस चुकतो तसा समूहहि चुकूं शकतो. या चौथ्या तत्त्वाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें.

१९४७ च्या फेब्रुवारींत श्रीमती रूझवेल्ट यांनीं या मंडळींस घरीं चहास बोलाविलें. मलिक थॉमस अक्वायनसच्या सिद्धांतांचें विवरण करूं लागले. तेव्हां चँग म्हणाले कीं, कचेरींतील लोकांनीं कांहीं महिने कन्फ्यूशियसचा अभ्यास केल्यास बरें! आमच्याकडे नैयायिक व वेदांती एका पंक्तीस बसले म्हणजे असाच प्रकार घडे. गंमत अशी कीं, ज्या सदसद्विवेकाचा मलिक यांना एवढा अभिमान, तो जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमांत शिरला तो चँग यांच्याच सूचनेवरून. चँग यांच्या मनांत होता चिनी ‘रेन’ हा शब्द. माणसानें दुसऱ्या माणसाचें मन ओळखावें, असा कांहींसा त्याचा भाव. इंग्रजी मसुद्यांत त्याचें निराळेंच रूप झालें. ज्यांनीं भाषांतर शिकविलें आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. त्याच कलमांतील, ‘सर्व पुरुष’ असाहि अर्थ निघूं शकणारे शब्द बदलून ‘सर्व मानव’ असे घालण्याचें श्रेय हिंदुस्थानच्या प्रतिनिधि श्रीमती हंसा मेहता यांना दिलें जातें.

१९४८ च्या शरदृतूंत पॅरिस येथें मसुदा तिसऱ्या समितीपुढें आला, तिचे अध्यक्ष मलिकच होते. ऐंशींहून अधिक बैठकी झाल्या. एकेका शब्दावरून तासचे तास गेले. धर्म बदलण्याच्या हक्काविषयीं मलिक यांचा फार आग्रह होता. त्यास सौदी अरबस्थानचा विरोध होता. पाकिस्तानच्या झाफरुल्लाखानांनीं मात्र कुराणाचा आधार देऊन तो हक्क उचलून धरला. १० डिसेंबर रोजीं ४८ मतें अनुकूल पडलीं, प्रतिकूल एकहि नाहीं, आठ राष्ट्रें तटस्थ राहिलीं.

मंत्रिपद १९५६ मध्यें आलें. अध्यक्ष शामून यांचा कल अमेरिकेकडे, आणि देशांतील बऱ्याच मुसलमानांची दृष्टि ईजिप्तच्या नासरांकडे. १९५८ मध्यें दंगा पेटला. शेजारी माणसें व शस्त्रें धाडीत आहेत, अशी फिर्याद मलिक यांनीं सुरक्षासमितीपुढें मांडली. चौकशीस गेलेल्या निरीक्षकांत आपले राजेश्वर दयाळ होते. शस्त्रधाऱ्यांपैकीं बहुतेक लेबनॉनचेच रहिवासी असावेत, असें निरीक्षकांनीं कळविलें. तरीहि १५ जुलै रोजीं अमेरिकन फौज बैरूतजवळ उतरली. थोड्याच दिवसांत मंत्रिपद गेलें. आणि त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मलिक यांना अध्यक्ष निवडलें!

पुढें ते अध्यापनाकडे परतले. १९७५ मध्यें यादवी सुरू झाली, तेव्हां सत्तरीला टेकलेले मलिक ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या लेबनीज आघाडींत सामील झाले. मुक्त समाजच उरला नाहीं तर व्यक्तीचे हक्क कोणीं राखावयाचे, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद अगदींच पोकळ नव्हे. पण १९७६ च्या ऑगस्टांत त्या आघाडीच्या सैनिकांपुढें तल अल-झातर ही पॅलेस्टिनी निर्वासितांची छावणी पडली आणि तेथें निःशस्त्र माणसांची कत्तल झाली. मलिक यांनीं हातीं शस्त्र धरलें नव्हतें, हें खरें. तरी समूह चुकूं शकतो हें जगाला सांगणाऱ्यानें आपल्या समूहाला तें त्या वेळीं बजावावयास हवें होतें, असें आम्हांस वाटतें. पदवीधर शिष्यांपेक्षां स्वकीयांस शिकविणें कठीण, एवढीच त्यांच्या बाजूनें आमची सबब.

२८ डिसेंबर १९८७ रोजीं बैरूत येथें मलिक वारले. यादवी त्यानंतरहि सुमारें तीन वर्षें चालू होती.