पिळदार शरीराची मर्यादा

गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं शाळा सुटल्यावर नववीचा एक विद्यार्थी आमच्यापाशीं आला व बाही वर करून आपला दंड दाखवूं लागला. सहा महिने तो व्यायामशाळेंत जात होता. दंड बरा होता, परंतु चेहऱ्यावर समाधान नव्हतें. मोबाईलवर त्यानें एका परदेशी शरीरसौष्ठवपटूचें छायाचित्र दाखविलें आणि विचारलें, "सर, असें व्हायला किती दिवस लागतील?" त्या वेळीं आम्हीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. तें येथें पुरें करीत आहों. पालकांनींही तें वाचावें अशी विनंती आहे.

उत्तर असें कीं, कांहीं शरीरें केवळ अन्न व व्यायाम यांच्या बळावर कधींच होत नाहींत. शेतकऱ्यांच्या मुलांस हें समजणें कठीण नसावें. पोळ्याला आपण गवळाऊ बैल सजवितों. तो काटक व चपळ. पण कितीही सरकी-ढेप चारली तरी त्याचा हत्ती होत नाहीं. उलट बेल्जियम देशांत 'बेल्जियन ब्लू' नांवाचीं गुरें आहेत. त्यांच्या अंगावर दुप्पट मांस दिसतें, तें चाऱ्यामुळें नव्हे. स्नायूंच्या वाढीस लगाम घालणारा मायोस्टॅटिन नांवाचा पदार्थ त्यांच्यांत उपजतच निकामी असतो, असें १९९७ सालीं उघडकीस आलें. (त्या गाईंचें वासरूं पुष्कळदा पोट चिरून काढावें लागतें, हेंही सांगितलें पाहिजे.) माणसाच्या अंगांतही हा लगाम आहे, शिवाय हाडांचा सांगाडा व संप्रेरकें ज्याचीं त्याचीं निराळीं.

मग मर्यादा कोठें आहे? १९९५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं १५७ व्यायामपटू पुरुष तपासले. ८३ स्टेरॉइड घेणारे, ७४ न घेणारे. चरबी वजा जातां उरलेल्या वजनाच्या किलोंस मीटरमधील उंचीच्या वर्गानें त्यांनीं भागलें व उंचीनुसार थोडी दुरुस्ती केली. न घेणाऱ्यांचा भागाकार सुमारें २५ पाशीं थांबला. घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांचा पुढें गेला. १७० सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ पुरुषास ही रेघ ढोबळ मानानें चरबीविरहित ७२ किलोंवर येते. गणिताच्या तासाला पडताळून पाहावें. ती लोखंडी भिंत नव्हे. १९३९ ते १९५९ मधील 'मिस्टर अमेरिका' विजेत्यांची सरासरीही २५.४ निघाली. पण ते लाखांत एक होते. बहुतेकांस वर्षानुवर्षें कष्टूनही रेघेच्या बरेंच अलीकडे राहावें लागतें, आणि मोबाईलवरचीं पुष्कळ चित्रें तिच्या पलीकडचीं असतात.

येथें वडीलधाऱ्यांशीं आमचा मतभेद आहे. "औषधानें कांहीं होत नाहीं, ती नुसती सूज असते," असें ते मुलांस सांगतात. हें खरें नव्हे. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ४३ पुरुषांपैकीं कांहींस दहा आठवडे टेस्टोस्टेरॉनचा मोठा डोस दिला. व्यायाम करून औषध न घेतलेल्यांचें चरबीविरहित वजन सुमारें २ किलो वाढलें. औषध घेऊन व्यायाम न केलेल्यांचें सुमारें ३, आणि दोन्ही केलेल्यांचें ६. बसून राहणारा घाम गाळणाऱ्याच्या पुढें गेला! मुलास हें कोठून तरी कळतेंच, आणि मग आपण सांगितलेल्या दुष्परिणामांवरही त्याचा विश्वास उरत नाहीं.

ते दुष्परिणाम मात्र खरे आहेत. संप्रेरक बाहेरून आलें कीं शरीर स्वतःचें करणें थांबवितें. वृषणें आक्रसतात, वंध्यत्व येऊं शकतें, मुलांची छाती स्त्रीसारखी वाढूं शकते. हृदय व यकृत यांस इजा होते. आमच्या वर्गांतील मुलांस आणखी एक धोका आहे: हाडांचीं वाढणारीं टोकें वेळेपूर्वीं मिटतात आणि उंची खुंटते. रुंदी मिळविण्यासाठीं उंची गमावणें हा कसला व्यवहार? कोळशाच्या खाणींतून रात्रपाळी करून आलेल्या बापाच्या पगारांतून तो होतो, याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें.

कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ५२ किलोपर्यंतच्या गटांत सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकी येथें ५७ किलोपर्यंतच्या गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक. चार वर्षांत वजनाचा एकच गट वर! आमच्या विद्यार्थ्यास सहा महिन्यांत वीस किलो हवे आहेत. त्यास आम्हीं सांगितलें कीं, दर महिन्यास दंड मोजून वहींत लिही, डाळ, अंडीं, शेंगदाणे पोटभर खा, आणि मोजमाप स्वतःच्याच मागच्या पानाशीं ताडून पाहा. तें त्यास फारसें पटलेलें दिसलें नाहीं.

पालकांच्या घरीं एखादा भुकटीचा डबा असेल तर शनिवारीं शाळा सुटल्यावर तो आमच्याकडे आणावा. त्यावरील मजकूर आपण मिळून वाचूं. चिठ्ठीवांचून मिळालेली इंजेक्शनाची बाटली किंवा सुट्या गोळ्या सांपडल्या तर आमच्याकडे येऊं नये. मुलावर न ओरडतां त्यास आणि बाटलीस घेऊन थेट डॉक्टरांकडे जावें.